अंतराळवीर तरंगत नसतात, पडत असतात! पाण्यातलं तरंगणं आणि वजनरहित अवस्था यातला फरक तुमच्या फोनलाही कळतो

जुलै २०२५ मध्ये ग्रुप कॅप्टन शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर १८ दिवस राहून पृथ्वीवर परतले. परत आल्यावर त्यांनी सांगितलेल्या दोन गोष्टी बातम्यांमध्ये गाजल्या. फोटो काढायला म्हणून त्यांनी फोन मागितला, तर तो हातात घेतल्यावर चांगलाच जड वाटला. दुसरी गोष्ट, पलंगावर बसून काम करताना त्यांनी लॅपटॉप बंद केला आणि सवयीने बाजूला हवेत सोडून दिला. तो हवेत थांबेल असं त्यांच्या मेंदूने धरलं होतं. लॅपटॉप अर्थातच खाली पडला. खाली कार्पेट होतं म्हणून वाचला.

या मोहिमेच्या काळात आपल्या सगळ्यांच्या फोनवर स्थानकातले व्हिडिओ फिरत होते. त्यातच निळ्याशार तलावात स्पेससूट घालून सराव करणाऱ्या अंतराळवीरांच्या क्लिप्सही होत्या. दोन्हीकडे माणूस आरामात तरंगतोय, दोन्हीकडे पाय जमिनीला लागत नाहीत. मग बघणाऱ्याला वाटतं की दोन्ही एकच आहे. अंतराळात गुरुत्वाकर्षण नाही म्हणून माणूस तरंगतो आणि पाण्यात गुरुत्वाकर्षण कमी होतं म्हणून तरंगतो.

मित्रांनो, यातली दोन्ही वाक्यं चुकीची आहेत. भारत स्वतःच्या यानातून माणूस पाठवायच्या तयारीत असताना हा फरक आपल्याला माहीत असायलाच हवा. कारण अंतराळवीराने सराव कशाचा करायचा, कुठे करायचा आणि परत आल्यावर त्याच्या शरीराचं काय होतं, हे सगळं या फरकावर ठरतं.

तिथे गुरुत्वाकर्षण आहे, आणि भरपूर आहे

अंतराळ स्थानक जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटर उंचीवर आहे. ऐकायला खूप वाटतं, पण पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६,३७१ किलोमीटर आहे. म्हणजे पृथ्वीच्या मध्यापासून मोजलं तर स्थानक आपल्यापेक्षा जेमतेम ६ टक्के लांब आहे. गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतं. हिशोब केला तर स्थानकाच्या उंचीवर जमिनीवरच्या तुलनेत सुमारे ८९ टक्के गुरुत्वाकर्षण शिल्लक असतं.

सोपं करून सांगतो. समजा ४०० किलोमीटर उंच टॉवर बांधला आणि ६० किलोचा माणूस त्याच्या गच्चीवर वजनकाट्यावर उभा केला. काटा ५३ किलोच्या आसपास दाखवेल. तो माणूस तरंगणार नाही. गच्चीवरून पाय घसरला तर सरळ खाली येईल.

मग त्याच उंचीवर स्थानकातला माणूस का पडत नाही? तर तो पडतच असतो. स्थानकही पडतंय, आतला माणूसही पडतोय, त्याचा टूथब्रशही पडतोय. फक्त हे सगळं पडता पडता सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर वेगाने पुढेही चाललंय.

एका सेकंदाचं गणित बघा. त्या उंचीवर कुठलीही वस्तू एका सेकंदात सुमारे ४.३ मीटर खाली पडते. त्याच सेकंदात स्थानक ७.७ किलोमीटर पुढे जातं. पृथ्वी गोल असल्यामुळे तेवढ्या अंतरात त्याच्या मार्गाखालचा पृष्ठभागही बरोबर तेवढाच, म्हणजे ४.३ मीटर, खाली वळलेला असतो. जेवढं पडलो तेवढीच जमीन खाली सरकली! त्यामुळे उंची तीच राहते. पुढच्या सेकंदाला पुन्हा तेच. असं पडत पडत स्थानक साधारण ९० मिनिटांत पृथ्वीला एक फेरी मारतं, दिवसाला जवळजवळ १६.

गुरुत्वाकर्षण बंद झालं असतं, तर स्थानक सरळ रेषेत निघून गेलं असतं. ते पृथ्वीभोवती फिरतंय याचाच अर्थ पृथ्वीने त्याला धरून ठेवलंय.

मग वजन गेलं कुठे?

इथे आपल्या खिशातली वस्तू कामाला येते. तुमच्या फोनमध्ये ॲक्सेलरोमीटर नावाचा सेन्सर असतो. फोन आडवा केला की व्हिडिओ आडवा होतो, ते याच्यामुळे. सिलिकॉनची एक अतिसूक्ष्म वजनदार पट्टी बारीक स्प्रिंगांवर टांगलेली असते, असं समजा. पट्टी जरा सरकली की तिच्या आणि बाजूच्या दातेरी पट्ट्यांमधलं विद्युत मापन बदलतं. चिप त्यावरून आकडा काढते.

फोन टेबलावर ठेवलाय, अजिबात हलत नाहीये. ॲक्सेलरोमीटर काय दाखवेल? शून्य वाटतं ना? नाही. तो ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग दाखवतो. अँड्रॉइडवर ॲप बनवणाऱ्या प्रत्येकाला हा आकडा पहिल्याच दिवशी भेटतो, आणि बऱ्याच जणांना वाटतं की कोडमध्येच काहीतरी गडबड आहे. पण सेन्सर बरोबर असतो. टेबल फोनला खालून वर ढकलत असतं, पडू देत नसतं. त्या ढकलण्यामुळे आतली पट्टी स्प्रिंगांवर खाली लोंबते आणि सेन्सर तेच मोजतो.

आता फोन हातातून सोडा. फोनची चौकट पडतेय, आतली पट्टीही त्याच वेगाने पडतेय. कोणी कोणाला ढकलत नाही, स्प्रिंग ताणली जात नाही. सेन्सर जवळजवळ शून्य दाखवतो. फोनवर गुरुत्वाकर्षण चालूच आहे, त्यामुळेच तर तो पडतोय. पण सेन्सरच्या हिशोबाने वजन शून्य.

आपल्याला जाणवणारं वजन ते हेच. पृथ्वी ओढते ते आपल्याला थेट जाणवत नाही. जमीन, खुर्ची किंवा गादी आपल्याला अडवते ते जाणवतं. अडवणारं कोणी नसेल, तर वजनाची जाणीव संपते. एसटीच्या शेवटच्या सीटवर बसलेलं असताना गाडी स्पीडब्रेकरवरून उडते, किंवा जत्रेतला पाळणा वरून खाली यायला लागतो, तेव्हा पोटात गोळा येतो ना? ती क्षणभराची वजनरहित अवस्थेची झलक असते. अंतराळवीर त्याच अवस्थेत दिवसचे दिवस राहतात.

घरी करून बघा (गादीवर!)

फायफॉक्स नावाचं एक मोफत ॲप आहे. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात बनलेलं, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीवर चालतं. त्यात गुरुत्वाकर्षणासह त्वरण मोजणारा पर्याय निवडा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि फोन जाड गादीवर साधारण एक मीटर उंचीवरून सरळ सोडा. गोल गोल फिरू देऊ नका, फिरला तर आकडा बिघडतो.

नंतर आलेख बघा. आधी ९.८ च्या आसपास सपाट रेघ, मग अचानक खाली शून्याजवळ, मग गादीवर आपटल्याचा उंच काटा. मधला शून्याजवळचा भाग साधारण ०.४५ सेकंदाचा असेल. एक मीटर पडायला तेवढाच वेळ लागतो. त्या पाऊण क्षणात तुमचा फोन शुभांशू शुक्लांच्याच अवस्थेत होता. नक्कल वगैरे नाही, अगदी तीच अवस्था, फक्त वेळ कमी.

शास्त्रज्ञ हाच वेळ वाढवायला धडपडतात. आयआयटी मद्रासमध्ये उपकरणं उंचावरून सोडण्याचा एक टॉवर आहे, त्यात अडीच सेकंद मिळतात. जर्मनीतल्या ब्रेमेन शहरातल्या टॉवरमध्ये नुसतं सोडलं तर ४.७ सेकंद मिळतात. विमान उंच चढवून मग दगड फेकल्यासारख्या वक्र मार्गाने नेलं, तर एका वेळी २० ते २२ सेकंद मिळतात. दिवसचे दिवस हवे असतील तर पृथ्वीभोवतीच फिरावं लागतं.

आता पाण्यात उतरू

गावाकडे विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेल्यांना एक गोष्ट पक्की माहीत असते. पाणी तुम्हाला उचलतं. का उचलतं? पाण्यात जितकं खोल जाल तितका दाब वाढतो. त्यामुळे तुमच्या अंगाच्या खालच्या बाजूला पाण्याचा दाब जास्त आणि वरच्या बाजूला कमी असतो. हा फरक तुम्हाला वर ढकलतो. आर्किमिडीजने सांगितलेलं हेच. तुम्ही जेवढं पाणी बाजूला सारता, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका वरचा रेटा तुम्हाला मिळतो.

हा रेटा आणि तुमचं वजन सारखं झालं की तुम्ही ना बुडता, ना वर येता. पण तुमचं वजन गेलेलं नसतं. ते तेवढंच आहे, फक्त ते पेलायचं काम जमिनीऐवजी पाणी करतंय. जमीन दोन तळव्यांवर पेलते, पाणी सगळ्या अंगावर वाटून पेलतं. म्हणून हलकं वाटतं.

फोनकडून खात्री करून घेऊ. बादलीत किंवा टबमध्ये एक स्टीलचं पातेलं तरंगत सोडा आणि त्यात जुना फोन ठेवून तेच ॲप चालू करा. पातेलं तरंगतंय, फोन तरंगतोय, पण आकडा ९.८. टेबलावर होता तोच! फोन पाण्याखाली नेऊन अगदी अधांतरी स्थिर ठेवता आला, तरी सेन्सर ९.८ च सांगणार. (तसं करून बघू नका, पाण्याने खराब झालेला फोन वॉरंटीत सहसा बसत नाही.)

म्हणजे दिसायला दोन्हीकडे तरंगणं, पण सेन्सरच्या भाषेत एकीकडे ९.८ आणि दुसरीकडे शून्य. आणखी एक गंमत बघा. फोन फिरवला की स्क्रीन फिरते, ती खाली कुठली बाजू आहे हे सेन्सरला कळतं म्हणून. तलावात हे नेहमीसारखं चालेल. अंतराळ स्थानकात मात्र फोन गोंधळेल, कारण त्याच्यासाठी खाली नावाची दिशाच नसते.

स्थानकातलं वजन अगदी काटेकोर शून्यही नसतं बरं का. त्या उंचीवरच्या अतिविरळ हवेचा अडथळा, यंत्रांची थरथर, माणसांची हालचाल यामुळे फार थोडं काहीतरी उरतंच. म्हणून शास्त्रज्ञ त्याला मायक्रोग्रॅव्हिटी, म्हणजे सूक्ष्म गुरुत्व म्हणतात.

तरंगायला वजन लागतं!

पाण्याचा वरचा रेटा दाबाच्या फरकातून येतो. दाबाचा फरक येतो पाण्याच्या वजनातून, कारण वरच्या थराचं वजन खालच्या थरावर बसतं. मग पाण्यालाच वजन नसेल तर? दाबाचा फरक नाही, म्हणून रेटाही नाही. म्हणजे पाण्यातलं तरंगणं वजनावर चालतं आणि वजन गेलं की तेही जातं.

अंतराळ स्थानकात पाण्याचा मोठा गोळा हवेत सोडला आणि त्यात हवेचा बुडबुडा घातला, तर तो वर येत नाही. जिथे आहे तिथेच बसून राहतो. लाकडाचा तुकडा आणि लोखंडाचा खिळा त्या पाण्यात ठेवा, कोण बुडणार आणि कोण तरंगणार हा प्रश्नच उरत नाही.

ही फक्त गंमत नाही, याचे परिणाम गंभीर आहेत. आपल्याकडे गरम हवा हलकी होऊन वर जाते आणि थंड हवा तिची जागा घेते. हे सुद्धा तरंगणंच, पाण्याऐवजी हवेतलं. स्थानकात ते होत नाही. मेणबत्तीची ज्योत तिथे लांबट न होता गोलसर होते. झोपलेल्या माणसाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड तोंडाभोवतीच साचून राहू शकतो. म्हणून तिथे पंखे सतत चालू ठेवून हवा फिरवावी लागते. आपल्याकडे उकडतं म्हणून पंखा लावतो, तिथे श्वास नीट मिळावा म्हणून.

मग नासा तलावात सराव का करते?

चांगला प्रश्न. उत्तर इतिहासात आहे. ५ जून १९६६ रोजी जेमिनी ९ए मोहिमेत जीन सर्नन यानाबाहेर पडले. काम साधं वाटत होतं, पण धरायला पुरेशा जागा नाहीत, पाय टेकवायला काही नाही. एखादा स्क्रू फिरवायला गेलं की स्क्रूऐवजी माणूस फिरणार! धडपडून त्यांचा दम निघाला, हेल्मेटची काच आतून वाफेने धुरकट झाली आणि त्यांना दिसेनासं झालं. बाहेरचं काम अर्धवट सोडून आत यावं लागलं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जेमिनी १२ मधून बझ ऑल्ड्रिन गेले. त्यांनी आधी बाल्टिमोरजवळच्या एका शाळेच्या स्विमिंग पूलमध्ये, पाण्याखाली सगळ्या हालचालींचा सराव केला होता. शिवाय यानावर जास्त हँडल आणि पाय अडकवायची सोय करण्यात आली होती. तीन वेळा मिळून साडेपाच तास त्यांनी बाहेरचं काम केलं, तेही दमछाक न होता. तेव्हापासून तलाव हा स्पेसवॉकच्या तयारीचा कणा झाला.

आज ह्यूस्टनमध्ये नासाचा २०२ फूट लांब, १०२ फूट रुंद आणि ४० फूट खोल तलाव आहे. त्यात सव्वादोन कोटी लिटरपेक्षा जास्त पाणी मावतं आणि तळाशी स्थानकाच्या भागांच्या पूर्ण आकाराच्या प्रतिकृती ठेवलेल्या असतात. रशियात स्टार सिटी, जर्मनीत कोलोन आणि चीनमध्ये बीजिंग इथेही असे तलाव आहेत. पाणबुडे स्पेससूटला वजनं आणि फोम लावून तो बुडणारही नाही आणि वरही येणार नाही असा जुळवतात. मग अंतराळवीर त्यात तासन् तास काम करतो. कुठला बोल्ट कुठल्या हाताने काढायचा, शरीर कुठे अडकवायचं, दोरी कुठून न्यायची, हे सगळं इथे पाठ होतं. सुनीता विल्यम्स यांनी ९ स्पेसवॉकमध्ये मिळून ६२ तासांहून जास्त वेळ बाहेर काम केलं. त्यामागे असल्याच तलावातले कितीतरी तास आहेत.

कारण उघड आहे. विमानात २२ सेकंद मिळतात आणि स्पेसवॉक सहा-सात तासांचा असतो. एवढा वेळ कुठल्याही दिशेला वळून काम करू देणारी जागा पृथ्वीवर पाण्याशिवाय दुसरी सोपी नाही.

पण तलाव कुठे फसवतो?

एक, पाण्याचा अडथळा. तलावात पेटी ढकलली की ती थोडी जाऊन आपोआप थांबते. अंतराळात ती थांबत नाही. तुम्हीच थांबवावी लागते, आणि मोठी असेल तर थांबवताना तुम्हीच ओढले जाता. नोव्हेंबर २०२३ मध्ये एका स्पेसवॉकदरम्यान अवजारांची एक पिशवी निसटली आणि पृथ्वीभोवती फिरायला लागली. तलावात सुटलेलं अवजार तळाशी जातं, पाणबुडा आणून देतो.

दोन, तरंगतो तो सूट. आतल्या माणसाला त्याचं वजन जाणवतच असतं. तलावात उलटं झालं की सगळा भार सूटच्या आत खांद्यांवर येतो आणि रक्त डोक्याकडे उतरतं. या सरावात अंतराळवीरांचे खांदे दुखावण्याचे प्रकार झाले आहेत. अंतराळात उलटं असणं असं काही नसतंच.

तीन, आणि सर्वात महत्त्वाचं, पाणी स्वतः तिथे वेगळं वागतं. १६ जुलै २०१३ रोजी इटलीचे लुका पार्मितानो स्पेसवॉकवर असताना त्यांच्या सूटच्या थंड ठेवणाऱ्या यंत्रणेतून पाणी हेल्मेटमध्ये आलं. पृथ्वीवर ते मानेवरून खाली ओघळलं असतं. तिथे खाली नाही. पाणी डोक्याच्या मागे चिकटून वाढत गेलं, मग पृष्ठताणामुळे चेहऱ्यावर पसरत डोळे, कान, नाक यांच्यावर आलं. दीड तासाच्या आसपास स्पेसवॉक थांबवला गेला. दिसत नसताना, रेडिओ नीट ऐकू येत नसताना, ते सुरक्षादोरीचा अंदाज घेत दारापर्यंत पोहोचले. हेल्मेटमध्ये एक लिटरहून अधिक पाणी होतं. अथांग अंतराळात माणूस पाण्यात बुडायची वेळ आली होती! असा प्रसंग तलावात जसाच्या तसा उभा करता येत नाही, कारण तलावात पाण्याला वजन असतं.

शरीराला फसवता येतं का?

आपल्या आतल्या कानातही एक ॲक्सेलरोमीटर आहे. जेलीसारख्या थरावर कॅल्शियमचे बारीक खडे बसलेले असतात. डोकं वाकवलं की खडे सरकतात आणि मेंदूला खाली कुठे आहे ते कळतं. फोनमधल्या पट्टीसारखीच ही योजना. तलावात डोळे मिटले तरी हे खडे काम करत असतात. अंतराळात ते काही सांगू शकत नाहीत. डोळे एक सांगतात, कान दुसरं. म्हणून निम्म्याहून जास्त अंतराळवीरांना पहिले काही दिवस मळमळतं, गरगरतं. पट्टीचा पोहणारा असला तरी यातून सुटका नाही.

काही बाबतीत मात्र पाणी अंतराळाच्या बरंच जवळ जातं. पाण्यात राहिल्यावर पायातलं रक्त आणि द्रव छाती-डोक्याकडे सरकतो, अंतराळातही सरकतो. म्हणून तिथे चेहरे सुजल्यासारखे दिसतात. याचा उपयोग संशोधक करतात. माणसाला पाण्याच्या टाकीत एका जलरोधक चादरीवर, अंग न भिजवता, दिवसचे दिवस झोपवून ठेवतात. २०२१ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझमध्ये महिलांवर असा पाच दिवसांचा प्रयोग झाला. दुसरी पद्धत म्हणजे डोक्याची बाजू सहा अंश खाली झुकवलेल्या पलंगावर आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवायचं. दोन्हींत स्नायूंना काम उरत नाही आणि ते कमजोर होतात.

अंतराळात हे फार पुढे जातं. व्यायाम केला नाही तर कंबर, मांडीसारख्या भार पेलणाऱ्या हाडांची घनता महिन्याला १ ते १.५ टक्के घटते. म्हणून स्थानकावर रोज सुमारे दोन तास व्यायाम असतो. सुनीता विल्यम्स २८६ दिवसांनी मार्च २०२५ मध्ये परतल्या तेव्हा त्यांना स्ट्रेचरवरून नेताना पाहून अनेकांना काळजी वाटली. पण परतलेल्या अंतराळवीरांना असं नेणं नेहमीचंच आहे. तासभर पोहून बाहेर आल्यावर आपल्यालाही अंग जड वाटतं, पण पाच मिनिटांत सरतं. तिथे महिनोन् महिने ना हाडांवर भार आलेला असतो, ना कानातल्या खड्यांवर. शुक्लांना १८ दिवसांनंतर फोन जड वाटला, यात नवल काय?

आपल्यासाठी यात काय आहे?

गगनयान मोहिमेचं उद्दिष्ट तीन जणांना सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर तीन दिवसांपर्यंत नेऊन समुद्रात सुखरूप उतरवण्याचं आहे. या मोहिमेत पाण्याचं काम वेगळं आहे. परतलेलं क्रू मॉड्यूल लाटांवर तरंगत राहायला हवं आणि नौदलाने ते वेळेत गाठायला हवं. त्यासाठी कोचीमध्ये नौदलाच्या जलसुरक्षा प्रशिक्षण केंद्रात फेब्रुवारी २०२३ पासून सराव झाले. हे आर्किमिडीजचं तरंगणं. तीन दिवसांच्या प्रवासात स्पेसवॉक नाही, त्यामुळे मोठ्या तलावाची गरज लगेच दिसत नाही.

पण पुढचा टप्पा वेगळा आहे. २०३५ पर्यंत भारतीय अंतरिक्ष स्थानक उभं करायचं ठरलंय. त्याच्या पहिल्या भागाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. दोन याने अंतराळात जोडण्याचा प्रयोग जानेवारी २०२५ मध्ये स्पेडेक्सने यशस्वी केला. स्थानक म्हटलं की जोडणी आली, दुरुस्ती आली, आणि दुरुस्ती म्हटलं की माणसाला कधीतरी बाहेर पडावंच लागतं. ज्या देशांनी स्थानकं बांधली आणि चालवली, त्यांच्याकडे असे तलाव आहेत. हा योगायोग नाही.

माझ्या मते बातम्यांमध्ये रॉकेटला मिळतं तेवढं लक्ष या जमिनीवरच्या सोयींनाही मिळायला हवं. खोल तलाव, झोपवून ठेवायच्या अभ्यासाच्या प्रयोगशाळा, उंच ड्रॉप टॉवर, वक्र मार्गाने उडणारं विमान. यातली एकही गोष्ट पूर्ण अंतराळ देत नाही, प्रत्येक गोष्ट एक तुकडा देते. तलाव हालचालींचा सराव देतो, पण वजन घालवत नाही. विमान वजन घालवतं, पण २२ सेकंदच. पलंग स्नायूंचं सांगतो, मळमळीचं सांगत नाही. चांगलं प्रशिक्षण म्हणजे कुठला तुकडा कुठे खोटा आहे हे ओळखून बाकीचे जोडणं. आम्ही सॉफ्टवेअरवाले सिम्युलेटरवर ॲप तपासतो आणि मग खऱ्या फोनवर तपासतो, त्याचं कारण हेच. सिम्युलेटर काय दाखवत नाही हे माहीत असेल तरच तो उपयोगाचा.

थोडक्यात लक्षात ठेवा

- स्थानकाच्या उंचीवर गुरुत्वाकर्षण सुमारे ८९ टक्के असतं. तिथे माणूस सतत पडत असतो, म्हणून वजन जाणवत नाही.
- पाण्यात वजन पूर्ण असतं. फक्त ते पाणी पेलतं.
- फोनचा सेन्सर: टेबलावर ९.८, पाण्यात तरंगताना ९.८, पडताना आणि कक्षेत जवळजवळ शून्य.
- पाण्यात तरंगायला वजन लागतं. वजन नाही तिथे बुडबुडा वर येत नाही आणि गरम हवाही वर जात नाही.

पुढच्या वेळी तरंगणाऱ्या माणसाचा व्हिडिओ आला की एकच प्रश्न विचारा. या माणसाच्या खिशात फोन असता तर सेन्सरने किती दाखवलं असतं? आणि उत्तर पटकन सापडत नसेल, तर चित्रातले बुडबुडे बघा. ते वर जात असतील तर तो तलाव आहे.